इंद्रलाल रॉय : एका वैमानिकाचं स्मरण



युद्धात पडलेल्या एखाद्या तरुण वैमानिकाच्या स्मरणासाठी यंदाचं हे पुष्प असावं, असं संयोजकांनी मला सांगितलं, तेव्हा किती तरी नावं डोळ्यांसमोर आली. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना आपलं नॅट विमान घेऊन आकाशात झेपावलेले निर्मलजीतसिंग सेखों आठवले. हवाई दलातले ते आजवरचे एकमेव परमवीरचक्र विजेते. १९६५ साली सरगोध्यावरच्या हल्ल्यातून परत न आलेले अज्जमाडा देवय्या आठवले. एकट्याने एका स्टारफायटर विमानाशी झुंजून ते त्यांनी पाडलं, हे आपल्याला कळायलाही फार वर्षं लागली आणि महावीरचक्र मिळालं ते १९८८ साली.

या दोघांविषयी बोलणं सोपं होतं, कारण त्यांच्याविषयी आपल्या मनात कसलीही अडचण नाही. म्हणूनच मी आज एका अशा मुलाविषयी बोलणार आहे, ज्याच्याविषयी ती आहे.

त्याचं नाव इंद्रलाल रॉय. घरातले त्याला ‘लॅडी’ म्हणत. २२ जुलै १९१८ रोजी उत्तर फ्रान्समधल्या कार्व्हँ गावावर जर्मन फोकर विमानांशी झुंजताना त्याचं विमान पेटलं आणि कोसळलं. त्या दिवशी त्याचं वय होतं एकोणीस वर्षं, सात महिने आणि वीस दिवस. मरण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विजय लागले होते. पहिल्या महायुद्धातला तो एकमेव भारतीय ‘एस’, म्हणजे पाच किंवा त्याहून जास्त विमानं पाडल्याची नोंद असलेला लढवय्या वैमानिक.

अडचण अशी की त्याच्या अंगावर साम्राज्याचा गणवेश होता. त्यामुळे इंग्रजांनी त्याला आपल्या शौर्याच्या यादीत मांडलं आणि आपण, नंतर स्वातंत्र्याच्या लढ्याचा इतिहास लिहिताना, त्याला हळूच बाजूला ठेवलं. आपल्या टपालखात्याने १९९८ साली, त्याच्या जन्मशताब्दीला, एक तिकीट काढलं. कोलकात्यात भवानीपूरला त्याच्या नावाचा रस्ता आहे. पण त्याच्याकडे नीट बघणं अजून राहूनच गेलेलं आहे.

त्याचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा, कलकत्त्यातला. घराणं मूळचं बारिसालकडचं, लाखुटियाच्या जमीनदारांचं. वडील प्यारेलाल रॉय बॅरिस्टर. आईचे वडील डॉ. सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती हे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या अगदी पहिल्या भारतीय डॉक्टरांपैकी एक. मुलांच्या शिक्षणासाठी आई ललिता त्यांना घेऊन लंडनला गेली आणि इंद्रलाल तिथल्या सेंट पॉल्स शाळेत वाढला.

या आईविषयी मला जरा थांबून सांगायचं आहे. इंद्रलालच्या चरित्रात ती एखाद्या ओळीपुरती येते आणि तो तिच्यावर अन्याय आहे. १७ जून १९११ रोजी लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी प्रचंड मोठी मिरवणूक निघाली होती. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या आधी काही दिवस. त्या मिरवणुकीत भारतीय स्त्रियांची एक तुकडी होती, साड्या नेसलेली, हत्तीचं चिन्ह असलेला झेंडा घेतलेली. ती तुकडी जमवणाऱ्यांत ललिता रॉय होत्या. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. म्हणजे ज्या घरात तो मोठा झाला, त्या घरात ‘हे आपलं काम नाही’ किंवा ‘हे आपल्याला कोण करू देईल’ अशी भाषा नव्हती. पुढे युद्ध सुरू झाल्यावर याच बाईंनी लंडनमध्ये भारतीय सैनिकांसाठी निधी जमवायला हातभार लावला. थोरला भाऊ परेशलाल मुष्टियुद्धात तरबेज. तो पुढे भारतात परतला आणि इथल्या मुष्टियुद्धाचा जनक म्हणून ओळखला गेला. असं हे घर.

सतरा-अठरा वर्षांच्या इंद्रलालला उडायचं होतं. रॉयल फ्लाइंग कोअरकडे त्याने अर्ज केला तेव्हा दृष्टी अधू आहे म्हणून त्याला नाकारलं. असं सांगतात की त्याने आपली मोटरसायकल विकली, त्या पैशातून लंडनमधल्या एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि तो निर्णय फिरवून घेतला. ५ जुलै १९१७ रोजी त्याला सेकंड लेफ्टनंटचं कमिशन मिळालं.

आता ‘कमिशन मिळालं’ हे शब्द आपण आज सहज वाचून पुढे जातो. १९१७ साली ते सहज नव्हतं. त्या युद्धात दहा लाखांहून जास्त भारतीय समुद्रापार गेले, चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास मेले. तरी भारतीय माणूस लष्करात शिपाई व्हायचा, हवालदार व्हायचा, फार तर सुभेदार-मेजर व्हायचा. गोऱ्या शिपायाला हुकूम देण्याचा अधिकार देणारं राजाचं कमिशन त्याच्यासाठी नव्हतंच. १९१७ च्या उत्तरार्धात ते दार थोडंसं किलकिलं झालं. विमानदलात तर भारतीय चारच लढवय्ये ठळकपणे दिसतात : इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरॉल चंदर सेन आणि श्रीकृष्ण वेलिणकर. मलिकांना इंग्रजांनी नाकारल्यावर ते फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवायला गेले. मग त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरूंनी थेट विमानदलाच्या प्रमुखाला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे त्यांना घेतलं. पगडीवर बसेल असं शिरस्त्राण त्यांनी मुद्दाम करवून घेतलं होतं. पायात गोळ्या घेऊन ते जगले, आणि स्वतंत्र भारताचे कॅनडातले पहिले उच्चायुक्त झाले. सेन जर्मनांच्या कैदेत पडले आणि युद्ध संपल्यावर सुटले. उरलेले दोघे १९१८ च्या उन्हाळ्यात, महिन्याभराच्या अंतराने गेले. वेलिणकरांकडे मी शेवटी येणार आहे, कारण ते मुंबईचे.

इंद्रलाल ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस छप्पन्न नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. त्या काळातली ही अतिशय नावाजलेली तुकडी. महिनाभरानंतर, ६ डिसेंबरला, त्याचं एस.ई.५ए विमान उतरताना कोसळलं आणि तो जबर जखमी झाला. याच अपघाताची एक कथा सगळीकडे सांगितली जाते : डॉक्टरांनी त्याला मृत समजून शवागारात ठेवलं, रात्री तो शुद्धीवर आला आणि आतून दार ठोठावू लागला. कथा रोमांचक आहे. त्याच्याविषयी ज्यांना एकच गोष्ट माहीत असते त्यांना नेमकी हीच माहीत असते. मला मात्र त्यानंतरचे सहा महिने जास्त मोठे वाटतात.

कारण अपघातानंतर तो उडायला अपात्र ठरला होता. हे प्रामाणिकपणे मिळालेलं, डॉक्टरांनी सही करून दिलेलं सुटकेचं पत्र होतं. जमिनीवरची नोकरी करत, विमानांची चित्रं काढत तो युद्ध संपेपर्यंत इंग्लंडमध्ये राहिला असता, तर त्याला कोणी एक शब्द बोललं नसतं. युद्ध त्यानंतर वर्षभरही चाललं नाही. बंगाली मुलगा, परक्या राजाचं युद्ध, शरीर मोडलेलं. थांबायला इतकी कारणं असताना त्याने पुन्हा वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरला, पुन्हा शिकला आणि जून १९१८ मध्ये चाळीस नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये फ्रान्सला परतला. पहिल्यांदा गेला तेव्हा तो कोवळा होता, युद्ध म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा गेला तो सगळं ठाऊक असताना गेला.

तिथे त्याला जॉर्ज मॅकएलरॉय हा कॅप्टन भेटला. डब्लिनजवळच्या डॉनीब्रूकचा आयरिश तरुण, पंचविशीचा, त्या दलातल्या सर्वांत यशस्वी वैमानिकांपैकी एक. त्याने इंद्रलालला हाताशी धरलं. एक आयर्लंडचा, एक बंगालचा. दोघांचेही देश त्याच साम्राज्याशी झगडत होते, आणि हे दोघे त्याच साम्राज्याच्या विमानांत शेजारी शेजारी उडत होते.

त्या विमानाची थोडी कल्पना दिल्याशिवाय पुढचं समजणार नाही. एस.ई.५ए म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पुढे दोनशे अश्वशक्तीचं इंजिन. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या थोडा वर. बसायची जागा उघडी. पंधरा-सोळा हजार फुटांवर, जिथे जुलै महिन्यातही हाडं गोठतात, तिथे प्राणवायूच्या नळीशिवाय तास-दीड तास घालवायचा. एक मशीनगन समोर पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडणारी, दुसरी डोक्यावरच्या पंखावर बसवलेली. दुसरीची गोळ्यांची तबकडी रिकामी झाली की एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्याने ती बदलायची, ताशी दोनशेच्या वाऱ्यात. आणि पॅराशूट नाही. १९१८ मध्ये जर्मन वैमानिकांना ते मिळू लागलं होतं. ब्रिटिश वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत दिलं गेलं नाही. विमान पेटलं तर आत बसून जळायचं किंवा उडी टाकायची, एवढाच पर्याय. ही गोष्ट मला आजही क्षमा करण्याजोगी वाटत नाही.

शिवाय वारा. त्या आघाडीवर तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे जर्मन बाजूला वाहतो. झुंज चालू असताना सगळी विमानं आपोआप शत्रूच्या मुलखात सरकत जातात. मग जखमी विमान घेऊन परतायचं ते वाऱ्याच्या विरुद्ध.

६ जुलै १९१८. पहिला विजय, हॅनोव्हर जातीच्या दोन आसनी जर्मन विमानावर. ८ जुलैला चार तासांच्या आत तीन. १३ ला दोन. १५ ला दोन, दोन्ही फोकर डी-सात, जर्मनांचं तेव्हाचं सर्वोत्तम लढाऊ विमान. १८ ला एक. १९ ला एक. एकूण दहा, त्यांतले दोन सहकाऱ्यांबरोबर वाटून घेतलेले. त्याचं सगळं उड्डाण मिळून जेमतेम १७० तासांचं.

या आकड्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दहापैकी निम्मी विमानं ‘ताबा सुटून खाली गेली’ अशी नोंदलेली आहेत. म्हणजे ती कोसळताना कोणी पाहिली नाहीत. त्या काळच्या अशा नोंदी दोन्ही बाजूंनी उदार मनाने केलेल्या असत. तेव्हा दहा की सात की पाच, हा वाद ज्याला घालायचा आहे त्याने घालावा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याच्या यादीत हॅनोव्हर विमानं जास्त आहेत. ही विमानं दिसायला सामान्य, पण त्यांच्या शेपटीची रचना अशी होती की मागे बसलेल्या बंदूकधाऱ्याला मोकळा मारा करता यायचा. मागून गाठणं म्हणजे गोळ्यांच्या तोंडी जाणं. खालून, शेपटीआड दडून, अगदी जवळ जाऊन मारा करावा लागे. त्याला थंड डोकं लागतं. डोळे अधू म्हणून ज्याला परत पाठवलं होतं, त्याने हे काम तेरा दिवसांत पुन्हा पुन्हा केलं. आणि ही दोन आसनी विमानं टेहळणी करत, खंदकांवर मारा करत. असं एक विमान खाली आलं की खंदकातल्या कितीएक शिपायांना, ज्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत, आणखी एक दिवस मिळत असे.

त्या विमानांतही दोन-दोन तरुण होते. त्यांच्याही आया होत्या. इंद्रलालचं कौतुक करताना ही गोष्ट विसरायला मी तयार नाही.

२२ जुलैला फोकर विमानांच्या तुकडीशी गाठ पडली आणि तो परतला नाही. चार दिवसांनी, २६ जुलैला, त्याच चाळीस नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये नाव कमावून पुढे गेलेला, मॅकएलरॉयचा गुरू मिक मॅनॉक पडला. ३१ जुलैला मॅकएलरॉय पडला. दहा दिवसांत गुरू, शिष्य आणि गुरूंचा गुरू. २१ सप्टेंबरला राजपत्रात इंद्रलालला ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मरणोत्तर जाहीर झाला. हे पदकच त्या वर्षीच्या जूनमध्ये सुरू झालेलं. ते मिळवणारा तो पहिला भारतीय. त्या मानपत्रात तेरा दिवसांत नऊ विमानं असा उल्लेख आहे आणि त्याच्या निर्धाराची तारीफ आहे. युद्ध संपायला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते.

फ्रान्समध्ये एस्तव्हेल नावाच्या छोट्या गावच्या दफनभूमीत त्याचं थडगं आहे. त्यावर बंगाली अक्षरं कोरलेली आहेत, हा महावीराचा विसावा आहे, आदर ठेवा, हात लावू नका, अशा अर्थाची.

आता मूळ अडचणीकडे येतो. साम्राज्यासाठी लढला, मग तो आपला कसा?

या प्रश्नाचं उत्तर १९१८ च्या जून-जुलैतच शोधलं पाहिजे, आणि ते शोधायला फार लांब जायला नको. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्ध परिषद भरवली होती. टिळक तिथे बोलायला उभे राहिले. युद्धाला मदत करू, पण स्वराज्याचा प्रश्न वगळून नाही, असा त्यांचा रोख होता. गव्हर्नरांनी त्यांना बोलू दिलं नाही आणि टिळक सभा सोडून निघून गेले. पण टिळकांनी सैन्यभरतीला नकार दिलेला नव्हता. त्यांची अट एकच होती : भारतीयांना अधिकाऱ्यांचं कमिशन द्या. ते मिळवून देण्याचं वचन सरकारकडून घ्या, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, न दिली तर पन्नास हजार रुपये गमावेन, असं म्हणून त्यांनी गांधीजींकडे धनादेशच पाठवला होता. गांधीजींनी तो परत केला. आणि स्वतः गांधीजी? त्याच जुलै महिन्यात ते खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी फिरून सैन्यभरती करत होते.

श्रोतेहो, हे ध्यानात घेतलं म्हणजे चित्र पालटतं. टिळक ज्या कमिशनसाठी सरकारशी झगडत होते, ते अंगावर घेऊन इंद्रलाल त्या क्षणी फ्रान्सच्या आकाशात होता. भारतीय माणूस अधिकारी म्हणून चालणार नाही, त्याला यंत्र पेलणार नाही, संकटात तो निर्णय घेऊ शकणार नाही, हे सरकारचं म्हणणं तो रोज खोटं पाडत होता. त्याच्या मनात हे होतं की नव्हतं, ते मी सांगू शकत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराच्या तोंडी राजकीय भाषण घालणं हाही त्याच्यावर अन्यायच होईल. पण त्याने केलं ते केलं. त्याच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांच्या आत जालियनवाला बाग घडली. साम्राज्याने त्या रक्ताची किंमत ओळखली नाही, हा दोष साम्राज्याचा. तो इंद्रलालच्या माथी मारू नये. भारतीय हवाई दलाची स्थापना व्हायला १९३२ उजाडलं. इंद्रलाल असता तर तेव्हा चौतीस वर्षांचाही नसता.

म्हणून माझा निवाडा स्पष्ट आहे. तो आपला आहे, आणि त्याला आपला म्हणण्यासाठी साम्राज्याला आपलं म्हणायची गरज नाही. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या मराठा पलटणीच्या शिपायांबद्दलही मी हेच म्हणेन. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या माणसांचं स्मरण त्या गावाने कधी सोडलं नाही, आणि त्यासाठी कोणाची परवानगीही मागितली नाही.

आता वेलिणकर. श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबईत जन्मलेला, केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये शिकलेला. तेवीस नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये तो सॉपविथ डॉल्फिन हे एकाच माणसाचं लढाऊ विमान उडवत असे. २७ जून १९१८ रोजी, म्हणजे मुंबईतल्या त्या परिषदेनंतर सतरा दिवसांनी, तो गस्तीवर निघाला आणि परत आला नाही. ३० जूनला, जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याचा मृत्यू झाला. वय तेवीस. जर्मनांनी त्याला पुरलं तेव्हा नाव चुकीचं लिहिलं गेलं. ते थडगं त्याचंच, हे युद्ध संपल्यानंतर काही काळाने शोधाशोध करून ठरलं. सोम भागातल्या हाँगार गावच्या दफनभूमीत तो आहे.

इंद्रलालच्या नावाचा कोलकात्यात निदान रस्ता आहे. आपल्या वेलिणकरचं नाव या सभागृहातल्या किती जणांनी आजपूर्वी ऐकलं होतं? हा दोष देण्यासाठी विचारलेला प्रश्न नाही. मराठीत त्याच्यावर एक चांगला, कागदपत्रं पाहून लिहिलेला लेख असायला हवा, आणि तो लिहिणं अजूनही शक्य आहे. मुंबईच्या जुन्या शाळांची हजेरीपुस्तकं आहेत. १९१८ च्या जुलै-ऑगस्टची वर्तमानपत्रं ग्रंथालयांत बांधून ठेवलेली आहेत. त्याच्या कॉलेजकडे त्याची नोंद असणार. युद्धातल्या थडग्यांची यादी राष्ट्रकुलाच्या आयोगाने सर्वांसाठी खुली ठेवली आहे, त्यात नाव घालून कोणालाही शोधता येतं.

इथे इतिहासाचे विद्यार्थी बसलेले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की तुमच्यापैकी एकाने हे काम अंगावर घ्यावं. आणि बाकीच्यांना एवढंच सांगेन : घरात एखाद्या पणजोबांचं पदक, पलटणीचा कागद, बसऱ्याहून किंवा फ्रान्सहून आलेलं पोस्टकार्ड ट्रंकेत पडलेलं असेल तर ते बाहेर काढा, त्यावरची तारीख आणि पलटणीचा क्रमांक एका वहीत उतरवून घ्या, आणि ती माहिती आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात नेऊन द्या. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत त्यातलं एखादं नाव ऐकायला मला आवडेल.